दारव्ह्याचा फाटा तोट्यात होता की तुटलेला होता?

शकुंतलेचा, म्हणजे यवतमाळ–मूर्तिजापूर–अचलपूर या छोट्या गाडीचा, विषय कुठेही निघाला की भांडण ठरलेल्या तीन वाटांनी जातं. एक गट म्हणतो हेरिटेज आहे हो, शंभर वर्षांची गाडी आहे, जशीच्या तशी जपा. दुसरा म्हणतो कोण बसत होतं त्या गाडीत, सायकलवाला पुढे निघून जायचा, रूळ भंगारात घाला आणि त्या जागेवर रस्ता करा. आणि तिसऱ्याला एवढंच सांगायचं असतं की "ही लाईन अजून ब्रिटिशांची आहे, माहितीये का तुम्हाला?", तेवढं सांगितलं की त्याचं काम झालं. तिघंही तळमळीनं बोलतात हे मला मान्य आहे, पण तिघंही गाडीबद्दल बोलतात. इंजिन, डबे, स्पीड, मालक. मला विचाराल तर मुद्दा गाडीचा नाहीच, जोडाचा आहे, म्हणजे मूर्तिजापूर आणि दारव्हा या दोन जंक्शनांचा. माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगून टाकतो: यवतमाळ–मूर्तिजापूर–अचलपूर ही लाईन लोकांना गरज नव्हती म्हणून मेली नाही, ती बाकीच्या रेल्वेपासून तुटलेली होती म्हणून मेली. मधे गेज, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर, तुटलेलं आणि दोन्ही टोकं आंधळी, पुढे कुठेच न जाणारी. हे तुटलेपण शंभर वर्षांत पहिल्यांदा आता दुरुस्त होण्यासारखं आहे, म्हणून ती पूर्ण ब्रॉडगेज करून दोन्ही टोकांना पुढे जोडली पाहिजे. नुसतं म्युझियम करणं चूक आहे, आणि रूळ उखडून जमीन वाटून टाकणं तर त्याहून मोठी चूक.

ज्यांनी हा भाग पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडं नकाशाचं. मुंबई–नागपूर मेन लाईनवर अकोला आणि बडनेऱ्याच्या मधे मूर्तिजापूर लागतं. तिथून अडीच फुटी नॅरोगेज, नेमकं सांगायचं तर ७६२ मिलिमीटर, दोन दिशांना फुटायची. उत्तरेला दर्यापूर, अंजनगाव करत अचलपूर, साधारण ७६ किलोमीटर. आग्नेयेला कारंजा, दारव्हा करत यवतमाळ, साधारण ११३ किलोमीटर. दारव्ह्याच्या स्टेशनचं नाव दारव्हा मोतीबाग, आणि तेही जंक्शन होतं कारण तिथून पुसदकडे आणखी एक फाटा जायचा. तो शकुंतलेच्या कितीतरी आधी उखडला गेला, आज पुसदच्या पोरांना विचारा, आपल्या गावाला कधीकाळी रेल्वे होती हे किती जणांना ठाऊक असतं? ही सगळी लाईन उभी राहिली कापसासाठी. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध झालं, तिथला कापूस बंद झाला आणि इंग्लंडच्या गिरण्यांचं लक्ष वऱ्हाडाकडे वळलं, जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वे १८६७ ला नागपूरला पोचली ती हा कापसाचा पट्टा मधोमध चिरत. मग मेन लाईनपासून लांब पडलेला कापूस आणायला फाटे लागले. मुंबईच्या किलिक निक्सन कंपनीनं उभ्या केलेल्या सेंट्रल प्रोव्हिन्सेस रेल्वे कंपनीनं विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत हे नॅरोगेजचे फाटे टाकले, मालकी कंपनीची आणि चालवणार जीआयपी, असा करार. शकुंतला हे नाव लोकांनी ठेवलेलं, आणि माझ्या माहितीत वऱ्हाडात दुसऱ्या कुठल्या गाडीला कुणी असं घरच्या माणसासारखं नाव ठेवलेलं नाही.

आता मूर्तिजापूरला काय व्हायचं ते डोळ्यासमोर आणा. यवतमाळच्या गाठी बांधणाऱ्या प्रेसमधून निघालेली रुईची गाठ छोट्या डब्यात चढली, शंभरावर किलोमीटर आली, आणि मेन लाईनच्या कडेला येऊन थांबली, कारण पुढचे रूळ साडेपाच फुटी. छोटा डबा मोठ्या रुळावर जाऊच शकत नाही. मग हमालांनी गाठ उतरवायची, वाहून न्यायची, शेजारच्या मोठ्या वॅगनमध्ये चढवायची. आजच्या हिशोबानं एक गाठ १७० किलोची धरतात. म्हणजे प्रत्येक गाठीची हमाली दोनदा, वेळ दोनदा, वरून पाऊस आला तर ताडपत्रीची पळापळ, आणि मोठी वॅगन वेळेवर लागली नाही तर माल तिथेच पडून. समोर स्पर्धेला बैलबंडी होती तोवर हे सगळं परवडलं. ट्रक आल्यावर परवडणं शक्यच नव्हतं, ट्रक जिनिंगच्या दारात उभा राहतो आणि गाठ जिथे जायची तिथे एकदाच उतरते. मूर्तिजापूरला मेन लाईनच्या प्लॅटफॉर्मवरून बाजूला बघितलं की हे नॅरोगेजचे रूळ दिसतात, मधे गवत माजलंय, एका ढांगेत ओलांडता येतील एवढे अरुंद. पाच-सात पावलांवर राजधानी एक्स्प्रेसच्या वेगानं गाड्या जातात. ती पाच-सात पावलं म्हणजे या लाईनचं खरं दुखणं. नकाशावर ते जंक्शन होतं, मालाच्या दृष्टीनं तिथे रेल्वे संपत होती आणि दुसरी सुरू होत होती.

समोरच्यांचा सगळ्यात दमदार मुद्दा आधी मान्य करतो. शेवटच्या वर्षांत ही गाडी कामाची राहिली नव्हती, हे खरं आहे. मी स्वतः मूर्तिजापूर ते कारंजा गेलोय त्या गाडीनं. फाटक आलं की गाडी थांबायची, स्टाफमधला एक जण खाली उतरून फाटक लावायचा, गाडी पलीकडे सरकून परत थांबायची, तो फाटक उघडून झपाझप येऊन चढायचा आणि मग पुढे. बऱ्याच ठिकाणी तिकीटही गार्डच द्यायचा. डब्यात शेंगांची पोती, दवाखान्याला निघालेली म्हातारी माणसं, माहेरी चाललेल्या बाया आणि दोन-चार शाळकरी पोरं, ज्यांच्याकडे घाई नव्हती किंवा एसटीच्या भाड्याएवढे पैसे नव्हते अशी माणसं. यवतमाळला पोचायला चार तास आणि वर, एसटी त्याच्या कितीतरी आधी पोचवणार. मग कोण बसेल? पण जरा उलगडून बघा हे झालं कसं. आधी रूळ बदलायचे नाहीत, मग रूळ खराब म्हणून स्पीड उतरवायचा, स्पीड नाही म्हणून माणसं घटली की फेऱ्या कमी करायच्या, उरलेली एक फेरी गैरसोयीच्या वेळेला ठेवायची, आणि मग वही घेऊन मोजायला यायचं की बघा पॅसेंजर किती. विहिरीतला गाळ वर्षानुवर्षं काढायचा नाही आणि पाणी नाही म्हणून विहीर बुजवायची, असला हा न्याय. १९२१ साली मँचेस्टरला बनलेलं झेडडी जातीचं वाफेचं इंजिन १९९४ च्या एप्रिलपर्यंत ही गाडी ओढत होतं, लोक हे कौतुकानं सांगतात. मला त्यात कौतुक वाटत नाही हो. देशात राजधान्या सुरू झाल्या, विजेची इंजिनं शेजारच्याच रुळावरून धावायला लागली, आणि एका अख्ख्या जिल्ह्याच्या मुख्यालयाला तुम्ही सत्तर वर्षं तेच इंजिन दिलंत, याला दुर्लक्ष म्हणतात.

कुणी म्हणेल नॅरोगेजचं नशीबच असं, सगळीकडे असंच झालं. नाही झालं. बार्शी लाईट रेल्वे बघा. तीसुद्धा खाजगी ब्रिटिश कंपनीची, तीसुद्धा अगदी तेवढीच अडीच फुटी. एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंजिनिअरनं १८९७ मध्ये बार्शी रोड, म्हणजे आजचं कुर्डुवाडी, तिथून बार्शीपर्यंत लाईन सुरू केली, मग १९०६ ला पंढरपूर, १९११ ला लातूर, १९२७ ला मिरज. तिलाही ट्रकनं मारलं असतं, तिचंही गेज तुटलेलंच होतं. पण १९५४ साली सरकारनं ती लाईन विकत घेतली. मालक एक झाला, जबाबदारी एकाच्या गळ्यात आली, आणि उशिरा का होईना, २००० नंतरच्या दहा-अकरा वर्षांत टप्प्याटप्प्यानं मिरजेपासून लातूरपर्यंत सगळं ब्रॉडगेज झालं. आता २०१६ चा एप्रिल आठवा. लातूर शहराला प्यायला पाणी नाही, आणि मिरजेहून पाण्याची रेल्वे निघाली, पहिल्या फेरीत दहा टँकर वॅगन, जवळपास पाच लाख लिटर, पुढे पन्नास-पन्नास वॅगनच्या गाड्या. ते टँकर आले होते राजस्थानातल्या कोट्याहून. कोटा ते मिरज आणि मिरज ते लातूर, कुठेही एक थेंब एका डब्यातून दुसऱ्या डब्यात ओतावा लागला नाही, कारण रूळ सलग होते. पंढरपूर, कुर्डुवाडी करत साधारण साडेतीनशे किलोमीटरचा तो रस्ता म्हणजे बव्हंशी जुन्या बार्शी लाईटचाच माग. कल्पना करा, १९९० च्या सुमाराला कुणी हिशोबाची वही उघडून म्हटलं असतं की पंढरपूर–मिरज नॅरोगेज तोट्यात आहे, उखडा. वहीप्रमाणे ते बरोबरच ठरलं असतं. मग २०१६ ला लातूरनं काय केलं असतं? रेल्वेची लाईन टाकताना तिच्यावरून कधीतरी पाणी न्यावं लागेल हे कॅलथ्रॉपला सुचलं नसेल, पुढे कशाला उपयोगी पडेल हे कुणालाच माहीत नसतं, लाईन असली तर ते शक्य होतं एवढंच.

इथे त्या "ब्रिटिशांची लाईन"वाल्या मंडळींशी दोन शब्द. रेल्वेनं दुसऱ्या कंपनीची लाईन चालवायची आणि कंपनीला तिचा वाटा द्यायचा, दर दहा वर्षांनी करार पुढे ढकलायचा, हा विचित्र प्रकार स्वातंत्र्यानंतरही चालू राहिला हे खरं आहे आणि ते लाजिरवाणंच होतं. पण किलिक निक्सन ही १८५७ साली मुंबईतच सुरू झालेली पेढी, स्वातंत्र्यानंतर ती भारतीय हातांत गेली. त्यामुळे लंडनमध्ये कुणी गोरा साहेब बसून आपल्या शकुंतलेचं भाडं खातोय हे चित्र फॉरवर्डसाठी बरं, वादासाठी निकामी. आणि त्यानं नुकसान होतं, कारण राग लंडनकडे वळतो आणि जो प्रश्न दिल्लीला विचारायचा तो राहूनच जातो. करारात लाईन विकत घ्यायची सोय होती. बार्शीची घेतली. मग यवतमाळची का नाही घेतली? दर दहा वर्षांनी एक संधी येत होती आणि दर वेळी ती जाऊ दिली गेली, यात ब्रिटिशांचा काय दोष? लाईन आपली नाही म्हणून रेल्वे पैसा घालणार नाही, आणि चालवत आपण नाही म्हणून कंपनी घालणार नाही. दोन भावांच्या सामाईक वाड्याचं छप्पर कसं पडतं हे आपल्याकडे कुणाला समजावून सांगायला नको.

आता तोट्याकडे येतो, कारण शेवटी सगळं तिथेच येऊन टेकतं. तोटा म्हणजे नेमकं काय मोजलं? कारंज्याचा माणूस मुंबईला निघाला तर त्याच्या प्रवासाचे पहिले पस्तीसेक किलोमीटर फाट्यावरचे आणि पुढचे सहाशेच्या आसपास मेन लाईनवरचे. फाट्याच्या नावावर जमा होणार त्या पस्तीस किलोमीटरचे पैसे, तेही नॅरोगेजच्या स्वस्त दरानं. मोठा वाटा मेन लाईनच्या खात्यात. पण फाटाच नसता तर तो माणूस मूर्तिजापूरपर्यंत आलाच नसता, कारंज्यातूनच ट्रॅव्हल्समध्ये बसला असता, म्हणजे मेन लाईनचेही पैसे गेले. ओढ्यात पाणी कमी म्हणून ओढे बुजवत सुटलं तर नदीत पाणी कुठून येणार? हे मी काही नवं सांगत नाहीये. इंग्रजांच्या काळात अशा फाट्यांच्या कंपन्यांसाठी 'रिबेट'ची पद्धतच होती, फाट्यावरून मेन लाईनला जो धंदा मिळतो त्याच्या नफ्यातून मेन लाईननं फाट्याच्या कंपनीला काही भाग द्यायचा, ठरलेला डिव्हिडंड पुरा पडेपर्यंत. ती सोय शेअरहोल्डरसाठी होती, दारव्ह्याच्या शेतकऱ्यासाठी नव्हती, आणि छोट्या छोट्या कंपन्यांचा हा पसारा रेल्वेसाठी बरा नाही असं रेल्वेच्या कारभाराची तपासणी करणाऱ्या १९२१ च्या ॲकवर्थ कमिटीनं म्हटलंही. पण फाटा मेन लाईनला पोसतो हे गणित तेव्हाच्या कारकुनाला कळत होतं. आपण ते विसरलो. आणि तोटा हाच निकष लावायचा तर सगळीकडे सारखा लावा की! मुंबईची लोकल तोट्यात चालते. ती बंद करा असं कुणी म्हणत नाही, म्हणूही नये, कारण लोकल थांबली तर मुंबई थांबेल हे सगळ्यांना दिसतं. समृद्धी महामार्ग याच कारंज्याजवळून गेलाय, ७०१ किलोमीटर, सुमारे ५५ हजार कोटी रुपये. त्याच्या प्रत्येक इंटरचेंजला वेगळं विचारलं का कुणी, की बाबा तुझ्या एकट्याच्या टोलमधून तुझा खर्च कधी निघणार? रस्त्याचा हिशोब अख्ख्या रस्त्याचा होतो आणि रेल्वेच्या फाट्याचा हिशोब तेवढा तिकिटाच्या खिडकीपुरता, हे कसं?

बरं, नुसतं ब्रॉडगेज केलं की सगळं झालं असंही नाही, आणि हा माझ्याच बाजूच्या लोकांना सांगायचा मुद्दा आहे. वऱ्हाडात कापसासाठी टाकलेले आणखी दोन जुने फाटे आहेत, जलंब–खामगाव १८७० चा, त्याच्या उद्घाटनाला व्हाइसरॉय लॉर्ड मेयो स्वतः आला होता, आणि बडनेरा–अमरावती १८७१ चा. दोन्ही पहिल्यापासून ब्रॉडगेज. दोन्ही शकुंतलेपेक्षा जुने. दोन्ही अगदी आखूड. खामगावचा फाटा आजही फाटाच आहे, जलंबहून शटल जाते आणि तीच परत येते, जालना–खामगाव लाईनची मागणी पिढ्यान्‌पिढ्या चाललीय आणि ती होत नाही तोवर खामगाव त्या १३ किलोमीटरच्या टोकाला बसून आहे. अमरावतीचं काय झालं? तिथून मुंबईची थेट गाडी सुटते, आणि २०१० नंतर चांदूरबाजार, मोर्शी, वरुड करत नरखेडपर्यंत लाईन झाली, म्हणजे अमरावतीचं आंधळं टोक उघडून थेट नागपूर–इटारसी लाईनला मिळालं. २०२० मध्ये वरुडची संत्री किसान रेल्वेनं दिल्लीला गेली ती याच जोडामुळे. अमरावती मोठं शहर आहे, विभागाचं मुख्यालय आहे, त्यामुळे तुलना तंतोतंत नाही हे मान्य. पण गेज एक, काळ एक, पीक एक, आणि एक फाटा वाढला तर एक खुंटला. फरक एवढाच की एकाचं दुसरं टोक जोडलं गेलं.

आणि म्हणूनच आत्ताची वेळ महत्त्वाची आहे. वर्धा–यवतमाळ–नांदेड ही २८४ किलोमीटरची नवी ब्रॉडगेज लाईन २००८-०९ ला मंजूर झाली, २०२४ च्या फेब्रुवारीत वर्धा ते कळंब हा पहिला टप्पा सुरू झाला. ती यवतमाळनंतर कुठून जातेय? दारव्हा, दिग्रस, पुसद. म्हणजे ज्या पुसदचा फाटा आपण उखडून टाकला त्याच पुसदला परत रेल्वे नेण्यासाठी आता एकेका गटाची मोजणी, एकेका शेतकऱ्याची समजूत, एकेका एकराचा मोबदला. एकदा सोडलेली पट्टी परत मिळवायला काय लागतं ते बघायचं असेल तर दुसरीकडे जायला नको. पण मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. नांदेडची लाईन पुरी झाली की दारव्हा मोठ्या रुळांवर येतं, आणि दारव्ह्याहून मूर्तिजापूरचा जुना माग ब्रॉडगेज केला तर पुसद, दिग्रसचा माल आणि माणूस वर्ध्याचा वळसा न घेता सरळ मुंबईच्या मेन लाईनवर उतरतो. दुसऱ्या बाजूला अचलपूर बघा, नरखेड लाईनवरचं चांदूरबाजार तिथून जवळच आहे. तेवढा तुकडा जोडला तर अचलपूरही आंधळं राहत नाही. ज्या लाईनची दोन्ही टोकं शंभर वर्षं भिंतीला टेकलेली होती तिला दोन्हीकडून दारं उघडतायत, आणि आपण नेमक्या याच वेळी भांडतोय ते तिला भंगारात घालायचं की काचेत ठेवायचं यावर. २०१६ ला सुरेश प्रभू रेल्वेमंत्री असताना या लाईनच्या ब्रॉडगेजसाठी १५०० कोटींची घोषणा झाली होती, त्यानंतर गाड्या थांबल्या, लोकांनी रुळांवर बसून सत्याग्रह केले, पण मोठे रूळ काही आले नाहीत. मला भीती अशी वाटते की उद्या पुन्हा सर्व्हे होईल आणि त्यात परत एकट्या फाट्याचेच पॅसेंजर मोजले जातील, नांदेड आणि नरखेडचे जोड हिशोबात न धरता, आणि रिपोर्ट परत तेच सांगेल.

हेरिटेजवाल्यांबद्दल मला आपुलकी आहे. दार्जिलिंग, निलगिरी, कालका–सिमला या तीनही गाड्या युनेस्कोच्या यादीत गेल्या आणि त्यामुळे वाचल्या, हे खोटं नाही. पण तिथे डोंगर आहे, थंड हवा आहे, वर्षभर हौसेनं येणारा प्रवासी आहे, आणि घाटाचं वळणच असं आहे की तिथे छोटंच गेज शोभतं. कारंजा ते दारव्हा काळ्या मातीचं सपाट रान आहे, मे महिन्यात तिथे उन्हाचा तडाखा काय असतो हे तिथल्या माणसाला विचारा. पर्यटकासाठी ती गाडी ठेवायची तर दारव्ह्याच्या माणसानं काय करायचं, फलाटावर उभं राहून हात हलवायचा? जपायचं तर इंजिन जपा, जुने सिग्नल जपा, मोतीबागची इमारत जपा. नैनपूरला, जे एके काळी नॅरोगेजचं केवढं मोठं जंक्शन होतं, तिथे लाईन ब्रॉडगेज झाली आणि छोट्या रेल्वेचं संग्रहालयही झालं. दोन्ही होऊ शकतं. मात्र जुन्या गोष्टी जपायच्या म्हणून माणसांचा प्रवास जुना ठेवायचा, हे मला पटत नाही.

रूळ उखडून रस्ता करा म्हणणाऱ्यांनी ब्रिटनचा अनुभव वाचावा, कारण त्यांचंच म्हणणं तिथे सरकारी धोरण झालं होतं. १९६३ ला तिथल्या रेल्वेचा अध्यक्ष डॉ. बीचिंग याचा रिपोर्ट आला, दोन हजारांवर स्टेशनं आणि हजारो मैलांचे रूळ बंद करा म्हणून. त्यातले कितीतरी फाटे खरोखरच रिकामे धावत होते, आपसातल्या चढाओढीत कंपन्यांनी नको तिथे टाकलेले होते, बीचिंग सगळाच चुकला असं मी म्हणणार नाही. पण त्याच लाटेत १९६९ च्या जानेवारीत एडिंबरा ते कार्लाइल ही वेव्हर्ली लाईन गेली. तिच्यावर रिकार्टन जंक्शन नावाचं एक खेडं होतं, रानात, फक्त रेल्वेमुळे वसलेलं, वर्षानुवर्षं त्याला धड रस्तासुद्धा नव्हता, किराण्याचं दुकान प्लॅटफॉर्मवर. असल्या स्टेशनात तिकिटं किती विकली जाणार? पण तिथे गाड्या बदलून जाणारी माणसं दुसऱ्याच गावांची असायची. लाईन गेली, खेडंही गेलं, आणि हॉइक, गॅलाशील्स या गावांना रेल्वे उरली नाही. पुढे २०१५ च्या सप्टेंबरमध्ये एडिंबरापासून तीस मैलांची लाईन परत टाकली, जवळजवळ तीस कोटी पौंड खर्चून, आणि पहिल्याच वर्षी दहा लाखांवर प्रवास झाले. म्हणजे माणसं होतीच. पण पैसा आणि जमीन तीसच मैलांपुरती जमली, हॉइक अजून बाहेरच आहे. ४६ वर्षं एका अख्ख्या भागानं वाट बघितली.

राहिला तो शेवटचा आणि मनाला लागणारा आक्षेप, की यवतमाळसारख्या जिल्ह्यात, जिथे शेतकरी जीव देतोय, तिथे रेल्वेवर दीड हजार कोटी कशाला, सिंचनाला द्या, दवाखान्याला द्या. याला माझ्याकडे चटकन देता येईल असं उत्तर नाही, आणि जो देतो त्याच्यावर मी विश्वास ठेवणार नाही. पाणी आधी, हे मान्य. पण रेल्वेचा पैसा आणि सिंचनाचा पैसा एका पेटीतून येत नाही, रेल्वे नाही झाली तर ते पैसे यवतमाळच्या धरणाला मिळतील असं कुणी लिहून देणार आहे का? ते दुसऱ्या राज्यातल्या दुसऱ्या लाईनला जातील. आणि २०२१ च्या दिवाळीपासून २०२२ च्या एप्रिलपर्यंत एसटीचा संप होता तेव्हा या गावांची काय दैना झाली ते आठवा. कर्मचाऱ्यांच्या मागण्यांबद्दल मी इथे बोलत नाही. पण सहाएक महिने एसटी जवळपास बंद, शेजारची गाडी आधीच बंद, काळी-पिवळीवाला म्हणेल तो भाव. ज्याच्याकडे मोटरसायकल आहे तो निघाला, आणि कॉलेजची पोरगी, डायलिसिसचा पेशंट, यवतमाळच्या कोर्टात तारीख असलेला माणूस, यांनी काय करायचं होतं? शेतकऱ्याचं भलं म्हणजे फक्त शेतापर्यंतचं भलं नसतं, शेतातून निघालेला माल आणि घरातून निघालेलं पोर कुठवर पोचतं हाही त्याच्याच संसाराचा भाग आहे.

म्हणून मागणी एवढी नेमकी ठेवायला हवी. एक, मूर्तिजापूर ते यवतमाळ आणि मूर्तिजापूर ते अचलपूर या मागाची एक गुंठाही जमीन कुणाला देऊ नका, ना रस्त्याला, ना गाळ्यांना, ना कुणाच्या लेआउटला. दुसरं, सर्व्हे पुन्हा करा पण नांदेड आणि नरखेड दोन्ही लाईनींशी जोड धरून करा. आणि तिसरं सगळ्यात घाईचं. नांदेड लाईनवरच्या दारव्हा स्टेशनचं यार्ड कागदावर आखतानाच मूर्तिजापूरकडून येणाऱ्या लाईनसाठी जागा ठेवा, एक प्लॅटफॉर्म, एक लूप (गाडी बाजूला घ्यायची लाईन) आणि बाहेर पडायचं वळण. आत्ता ठेवली तर नकाशावरच्या एका रेघेचं काम आहे. स्टेशन बांधून झाल्यावर त्या वळणाच्या जागी घरं उभी राहिलेली असतील.